बी. रघुनाथांची मराठी आणि मोंढ्यातली मराठी

सेलूजवळच्या सातोना गावी १९१३ साली जन्मलेले आणि निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत १९५३ साली परभणीत निवर्तलेले कवी बी. रघुनाथ यांनी मराठवाड्याची भाषा राखली की नाही, याविषयी सेलूतील एक अभ्यासक आणि एक शिक्षिका यांच्यात झालेला हा कल्पित संवाद आहे.

अभ्यासकाचे म्हणणे असे, की ज्या राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि ज्याच्या १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई, तेथे १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा मराठी काव्यसंग्रह निघणे हेच भाषेचे जतन होय.

“कोणत्या भाषेचे?” शिक्षिकेने विचारले. “ती कविता पुण्यात अडत नाही. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापूस घेऊन आलेला माणूस ‘काय करायलास’ म्हणतो, त्याला तिच्यात जागा कुठे आहे?”

अभ्यासकाने उत्तर दिले, की बोलीचा, म्हणजे प्रदेशात प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या मराठीचा, प्रश्न तेव्हा दुय्यम होता. राजभाषेपुढे टिकायचे तर ग्रंथांनी आणि शाळांनी घडवलेल्या प्रमाण मराठीचाच आधार घ्यावा लागे.

“म्हणजे एका दरबाराची भाषा दूर सारायला दुसऱ्या दरबाराची आणली, आणि मोंढ्यातल्या तोंडी रुळलेले उर्दू शब्दही परके ठरवले. बोली दोन्हीकडून हरली.”

अभ्यासकाने इंद्रजित भालेराव यांच्या १९८९ च्या ‘पीकपाणी’ या काव्यसंग्रहाचा दाखला दिला: बोली कवितेत आली, उशिरा का होईना.

“आली. पण बोलीतली कविता शिकून मुलाने उत्तरही बोलीत लिहिले, तर त्याभोवती लाल शाईचा गोल माझाच हात काढतो.”

“शाळेचा दोष कवीच्या माथी का?”

“मग जतनाचे श्रेय तरी त्याला का? बोली जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांनी राखली, आणि त्यांना कोणी कवी म्हटले नाही.”

गिरण्या आल्यावर जाती थांबली, म्हणूनच लेखन हवे, एवढेच अभ्यासक म्हणू शकला. येथे त्याची बाजू लंगडी पडते. मात्र कवीने भाषा राखलीच पाहिजे, हे शिक्षिकाही न तपासता धरून चालली आहे. उर्दू कारभाराच्या कचेरीत दिवस घालवून मराठीत लिहिणाऱ्या कारकुनाने तसा विडा उचललाच असेल, असे मानण्याचे कारण नाही. बोलीची राखण कवीवर सोपवणे ही शाळांची सोय आहे, आणि सेलूच्या वर्गांत बोलीतल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण मिळू लागेपर्यंत बी. रघुनाथांकडे हिशेब मागण्याचा अधिकार त्या शाळांना नाही.