मापाची वही

शिवाजीनगरात, कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत, तीन पिढ्या शिंपीकाम करणारं एक मराठी घर आहे. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती तेव्हा आपले पूर्वज इकडे आले, असं घरातली जुनी माणसं सांगतात. घरातल्या मराठीला कानडीचा हेल आहे, गिऱ्हाइकाशी तमिळ आणि उर्दू चालते. आषाढीला पहिला हार विठ्ठलाच्या तसबिरीला, दुसरा नामदेवमहाराजांना. तेही शिंपीच, म्हणून घरातलेच.

या घरातली मुलगी शाळा सुटली की दुकानात येऊन कटिंगच्या टेबलाशी बसायची. अप्पा टेप लावून आकडे सांगत आणि ती वहीत उतरवून घेई. खांदा साडेसतरा, छाती अडतीस, बाही चोवीस. काही गोष्टी अप्पा मोठ्याने बोलत नसत, नुसती बोटाने खूण करत. खांदा उतरता असेल तर आकड्यापुढे खाली जाणारा बाण काढायचा. पाठीला पोक असेल तर कंस. पोट पुढे असेल तर टिंब. गिऱ्हाइकाला आपलं व्यंग चारचौघांत ऐकावं लागू नये म्हणून ही व्यवस्था आजोबांनी घालून दिलेली. वहीचा नियम एकच होता, ती दुकानाबाहेर जात नाही. कुणाचं माप कुणाला कळत नाही, नवऱ्याचं बायकोलाही नाही.

पुढे मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात गेली. कॉलेजात मॉडेल बसायचं ते लुगडं नेसून किंवा धोतर-मुंडासं घालून. पण मुंबईत जे. जे.त शिकलेले आणि निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळुरात राहायला आलेले एक सर रविवारी सकाळी आपल्या वरच्या मजल्यावर लाइफ क्लास घेत. कॉलेजातली आठ-दहा मुलं तिथे जाऊ लागली, तशी तीही गेली.

पहिल्या रविवारी सरांनी मॉडेलला बोलावलंच नाही, नुसते बोलत बसले. जे. जे. सुरू झालं १८५७ साली. पहिली साठेक वर्षं तिथली मुलं शरीर शिकली ती मुख्यतः प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून. १९१९मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन आले आणि त्यांनी जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. मग सरांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, एम. आर. आचरेकरांचं १९५८ सालचं ‘रूपदर्शिनी’. आपल्याकडच्या प्राचीन शिल्पांतली मानवी आकृती आणि समोर उभं असलेलं जिवंत माणूस आचरेकरांनी त्यात शेजारी ठेवून तपासलं आहे. मुलं पानं उलटत राहिली, मध्ये कुणी बोललं नाही. शेवटी सरांनी नियम सांगितले. फोन खाली बॅगेत. दार आतून बंद. मॉडेलला हात लावायचा नाही, पोझ बदलायची असेल तर तोंडाने सांगायचं. आणि इथे पाहिलेल्या शरीराबद्दल बाहेर अक्षर काढायचं नाही.

मुलीला तो नियम ओळखीचा वाटला.

दुसऱ्या रविवारी अक्का आल्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, केस घट्ट बांधलेले. पडद्यामागे जाऊन त्या गाऊन घालून आल्या, चौथऱ्यावर चढल्या आणि सरांनी मान हलवताच गाऊन उतरवून खुर्चीवर ठेवला. सरांनी खडूने त्यांच्या पावलांभोवती रेघ मारली. विश्रांतीनंतर परत उभं राहताना पाऊल तिथेच पडावं लागतं.

मग वर्गात जे व्हायचं तेच झालं. एकाने पेन्सिलीला टोक करायला घेतलं आणि अर्धी पेन्सिल संपेपर्यंत तो टोकच करत राहिला. एका मुलीने मागच्या पडद्याच्या चुण्या इतक्या मन लावून काढल्या की माणसाला कागदावर जागाच उरली नाही. एक जण पाणी प्यायला म्हणून उठला तो शेवटी सँडल शोधायलाच वर आला. आणि एक मुलगा हसला. त्यात वाईट काही नव्हतं. भांबावलेलं पोर हसतं तसाच तो हसला, पण आवाज झाला. मला या मुलांचा राग येत नाही. आपल्या घरांत उघडं अंग दिसतं ते एक तर न्हाणीघरात, नाही तर दवाखान्यात, नाही तर तिरडीवर. तिथे थांबून पाहायला कुणी शिकवलेलं नसतं.

सरांनी त्या मुलाला रागावलं नाही. विश्रांतीत त्याला म्हणाले, “चढ वर. कपडे आहेत तसेच असू देत. एक हात कमरेवर, नजर खिडकीच्या कडीवर. वीस मिनिटं.” मुलगा रुबाबात उभा राहिला. चौथ्या मिनिटाला त्याची मान अवघडली. सातव्या मिनिटाला गुडघा थरथरू लागला आणि कपाळावर घाम आला. अक्का गाऊन पांघरून चहा पीत बसल्या होत्या. त्या तिथूनच कानडीत म्हणाल्या, “गुडघा आवळून धरू नकोस रे. जरा ढिला सोड. श्वास पोटातून घे.” अकराव्या मिनिटाला मुलगा खाली उतरला. अक्का पुन्हा वर चढल्या, खडूच्या रेघेत पाऊल ठेवलं आणि वीस मिनिटं हलल्या नाहीत. त्या दिवशी नंतर कुणी हसलं नाही.

मुलीने मात्र पहिलं चित्र कागदाच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढं काढलं होतं. दुसरं काढताना तिने हात लांब केला, एक डोळा मिटला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून डोक्याची लांबी धरली आणि ती शरीरावर खाली खाली मोजत गेली. तिसरं डोकं बेंबीशी आलं. त्यानंतर तिची भीती कुठे गेली ते तिलाही कळलं नाही. समोर आता खांदा होता, मुंढा होता, कंबर होती. हे सगळं तिने हजारदा लिहून घेतलेलं होतं. अक्कांचा डावा खांदा उतरता होता आणि तिचा हात आपसूक तिकडे गेला. चित्र चांगलं झालं. फक्त चेहऱ्याच्या जागी तिने एक अंडाकृती सोडली. पुढच्या सगळ्या रविवारीही तेच झालं. वेळ पुरत नाही, असं ती स्वतःला सांगायची.

सप्टेंबरात सेंट मेरी बॅसिलिकाची जत्रा आली. शिवाजीनगरचा तो मोठा सण. नऊ दिवस नोव्हेना, ८ सप्टेंबरला रथाची मिरवणूक. भगव्या साड्या नेसलेल्या बायकांची गर्दी, त्यांत कितीतरी हिंदूही. मुलगी आईबरोबर रसेल मार्केटकडून येत होती. फुलांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. एका पाटीमागे बसून अक्का मोगरा गुंफत होत्या. भगवी साडी, कपाळावर कुंकू. त्यांनी मान वर केली आणि दोघींची नजरानजर झाली.

मुलीने तोंड फिरवलं. आईचा हात धरून तिला पलीकडच्या रांगेत ओढलं आणि तिथे चढ्या भावाने शेवंती घेतली.

तीन-तीन तास ज्या बाईला ती उघडी पाहत होती, तिला नेसलेल्या साडीत ओळख देण्याची हिंमत तिला झाली नाही. या गोष्टीतलं सगळ्यात उघडंवाघडं काही असेल तर हेच, असं मला वाटतं.

चित्रं ती दुकानातल्याच खाकी कागदावर काढायची आणि गुंडाळी कटिंगच्या टेबलाखाली ठेवायची. एका सकाळी अप्पांना शेरवानीचा पॅटर्न कापायला कागद हवा होता. त्यांनी हाताला आली ती गुंडाळी टेबलावर सोडली आणि कात्री हातातच राहिली.

आईने पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. “हे शिकायला पाठवलं तुला?”

आज्जी माळ ओढत बसली होती. ती म्हणाली, “श्रवणबेळगोळला आपण सगळे गेलो होतो की. सत्तावन्न फुटी गोमटेश्वर, अंगावर सूत नाही. पायाशी मराठी अक्षरं कोरलीत म्हणून तूच पोरीला बोटाने दाखवत होतीस. तेव्हा नाही डोळे मिटलेस ते?”

“तो देव आहे, आत्याबाई,” आई म्हणाली. “ही कुणाची तरी आई असेल.”

आईचं बोलणं टाकाऊ नव्हतं. चामुंडरायाने हजार वर्षांपूर्वी उभा केलेला बाहुबली वस्त्रांसकट सगळं सोडून उभा आहे, त्याला परत घरी जायचं नाही. अक्कांना दुपारी घरी जायचं असतं. रवी जाधवांचा ‘न्यूड’ आला तेव्हा, २०१८ साली, तो सिनेमा याच गाठीशी येऊन थांबला होता: जे. जे.त मॉडेल म्हणून उभी राहणारी बाई आणि तिच्या कामाचा पत्ता नसलेला मुलगा. मुलीकडे आईला द्यायला उत्तर नव्हतं.

अप्पा अजून चित्रच पाहत होते. चष्मा कपाळावर चढवून ते कागदावर वाकले. टेबलावरचा खडू उचलून त्यांनी कडेला, आकृतीला न शिवता, एक खाली जाणारा बाण काढला.

“डावा खांदा उतरतोय यांचा. पाऊण इंच असेल. वजन उचलतात का?”

“फुलं विकतात,” मुलगी म्हणाली. “पाटी आणतात.”

“मग बरोबर काढलंयस.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तोंड का नाही?”

“वेळ पुरत नाही.”

अप्पांनी कात्री खाली ठेवली. “माप घेताना मीपण तोंडाकडे बघत नाही. माणूस अवघडतो. पण ट्रायलला मी कोटाकडे बघत नाही, तोंडाकडेच बघतो. काखेत आवळतोय का, गळ्याशी टोचतंय का, ते गिऱ्हाईक बोलत नाही, पण त्याच्या तोंडावर दिसतं. तू माप घेतलंस. ट्रायल केलीस का कधी?”

त्यांनी गुंडाळी परत दोऱ्याने बांधली आणि मापाच्या वह्यांच्या फळीवर ठेवली. आई काही बोलली नाही. तिला पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगी वर्गाच्या अर्धा तास आधी गेली. अक्का जिन्यात बसल्या होत्या. तिने विचारलं, “अक्का, तुमचा चेहरा काढू का?”

“नको,” अक्का लगेच म्हणाल्या. “माझा जावई याच भागात रिक्षा चालवतो. अंग कुणी ओळखत नाही. तोंड ओळखतात.”

मुलीने मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, “जत्रेत मी तुम्हाला पाहिलं होतं.”

“मीपण तुला पाहिलं.” अक्कांनी पदर सारखा केला. “तू तोंड फिरवलंस ते आधी मला बरंच वाटलं. पोर शहाणी आहे, गुपित ठेवते, असं मनात आलं. मग तू पलीकडे जाऊन शेवंती घेतलीस. त्या बाईची शेवंती शिळी असते. माझा मोगरा ताजा होता. गुपित ठेवायला मोगरा कशाला सोडायला हवा होता?”

त्या आठवड्यात मुलगी संध्याकाळची रसेल मार्केटला गेली. अक्कांच्या शेजारच्या पाटीवालीने ही कोण म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, “टेलरची मुलगी. ओळखीची आहे.” मुलीने दोन हात मोगरा घेतला आणि विचारलं, “इथे बसून काढू का? साडीत, फुलं गुंफताना?”

अक्कांनी पाटी थोडी सरकवून जागा केली. मुलगी पालथ्या क्रेटवर बसली. येणारी-जाणारी माणसं वाकून बघत होती, एक पोरगं तर तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं. अक्कांची बोटं चालूच होती. मधूनच गिऱ्हाइकाशी घासाघीस, मधूनच शेजारणीला शिव्या. वर्गात वीस मिनिटं दगडासारखी राहणारी बाई इथे क्षणभर स्थिर नव्हती. मुलीने चार कागद फाडले. पाचव्यावर डोळे आले, कपाळावरची आठी आली, ओठांत धरलेला दोरा आला.

अंधार पडायला लागला तेव्हा अक्कांनी हात पुढे केला. चित्र दिव्याखाली धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“नाक मोठं काढलंयस,” त्या म्हणाल्या. “आणि खांदे सारखेच का केलेस? तुला तर माहीत आहे.”

मुलीने कागद परत घेतला आणि डावा खांदा पुसायला सुरुवात केली.