फोन खोटं कुठं बोलला?

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आल्या की शाळेच्या चित्रकला वर्गात ओळखीची मांडणी दिसू लागते. टेबलावर पितळेचा तांब्या, शेजारी दोन-तीन कांदे, मागे घड्या पाडून सोडलेलं कापड. मुलं बोर्डला कागद लावून बसतात. हल्ली शिक्षकांची पाठ वळली की कुणीतरी दप्तरातून हळूच फोन काढतं आणि त्या मांडणीचा फोटो घेतं. उरलेलं चित्र घरी, पडद्यावर बघून पुरं करायचं असतं. बहुतेक शाळांकडे यावर एकच उपाय आहे: फोन जप्त. मला तो अपुरा वाटतो. समोरचा तांब्या आणि फोटोतला तांब्या यांत केवढा फरक आहे, हे त्या मुलाला कुणी दाखवलेलंच नाही. फोन कपाटात गेल्यानं ते कळणारही नाही.

फोनचा नेहमीचा कॅमेरा विस्तृत कोनाचा असतो. फार जवळून टिपलं की तांब्याचं पोट फुगतं आणि कडेचे कांदे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. शिवाय आजचे फोन सावली आपणहून उजळतात आणि झगझगीत उजेड दाबतात. तांब्यावर खिडकीचा जो कवडसा असतो आणि पलीकडच्या अंगाला जो गडद पट्टा असतो, त्या दोहोंमधलं अंतर पडद्यावर घटतं. छायाप्रकाशाचा सगळा जीव तर त्या अंतरात असतो. पितळेच्या सावलीत शेजारच्या कापडाचा रंग उतरलेला असतो, तोही बऱ्याचदा फोटोत पुसट होतो. फोटोवरून काढलेली इतकी स्थिरचित्रं सपाट आणि करडी का वाटतात, याचं एक मोठं कारण इथं आहे. अशा वेळी मुलाच्या हाताला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून फोन चोरून वापरण्यापेक्षा तो उघडपणे तांब्याच्या शेजारी ठेवावा. आधी मुलांनी प्रत्यक्ष बघून रेखाटन करावं. मग आपल्या जागेवरूनच फोटो घ्यावा आणि तांब्या, रेखाटन आणि फोटो तिन्ही एका ओळीत ठेवून एकच प्रश्न विचारावा: फोन खोटं कुठं बोलला? काठाचा लंबगोल कुणाचा बरोबर, कागदावरचा की पडद्यावरचा? सावली खरंच एवढी फिकी आहे? कधी फोन खरा ठरेल आणि मुलाला आपली चूक दिसेल, कधी उलटं होईल. तासिका या वादातच संपली तरी ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. फोटो कृष्णधवल करून बघितला तर लाल आणि हिरवा हे दोन वेगळे रंग एकाच गडदपणाचे असू शकतात हे पटकन कळतं. आपल्याच चित्राचा फोटो डावा-उजवा उलटवला की तिरका गेलेला तांब्या लगेच डोळ्यात भरतो. लिओनार्दो द विंची चित्रकारांना आपलं काम आरशात बघायला सांगत असे, तीच ही युक्ती.

कॅमेरा आणि चित्रकार यांचा हा वाद जुना आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोनं 1821 साली इंग्लंडमधल्या एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र रंगवलं. त्यातले घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतात. घोडा धावतो तो असाच, अशी चित्रकारांची समजूत होती. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजनं धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो घेतले. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे तेव्हा दिसलं. डोळा हरला. पण शिल्पकार रोदँनं पुढे जेरिकोचीच बाजू घेतली. प्रत्यक्षात काळ थांबत नाही, फोटोत तो थांबतो, म्हणून धावण्याचा वेग चित्रातच खरा वाटतो, असं त्याचं म्हणणं. मला रोदँचं पटतं. पण नववीच्या मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात. हातातल्या फोनवर मैदानात धावणाऱ्या मित्राचं स्लो मोशन चित्रण करून त्यांना हा वाद स्वतः तपासता येतो.

याच परीक्षेतल्या स्मरणचित्राचं, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचं, दुखणं याहून खोल आहे. जत्रा, आठवडी बाजार, बसथांबा असे विषय असतात. यूट्यूबवर त्यांची तयार चित्रं मिळतात, आणि मग वर्गभर तेच झाड, तीच टोपलीवाली बाई. स्मरण आहे, पण दुसऱ्याच्या चित्राचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तुसंग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो घेतले त्या विद्यार्थ्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. पण वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपला तेव्हा मात्र ही घट झाली नाही. टिपायचा राहिलेला भागही तितकाच लक्षात राहिला. चित्रकलेच्या शिक्षकाला यातून गृहपाठ मिळतो. आपल्या गावच्या बाजारात जा, अख्ख्या बाजाराचा फोटो नको. तराजू धरलेला हात, भाजीवर पाणी मारणारी बाई, पालाची दोरी असं काहीतरी निवडून टिपा. वर्गात आल्यावर फोन बंद करून चित्र काढा.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्वचेचा रंग. कित्येक पिढ्यांची मुलं रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणत आली. वर्गातल्या बहुतेकांची कातडी त्या खडूसारखी नसते. आता त्या खडूचं काम सेल्फीचा ब्यूटी मोड करतो, आणि अनेकदा न विचारता करतो. चेहरा उजळतो, डाग जातात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला आपला खरा चेहराच नापास झाल्यासारखा वाटतो. याचं उत्तर शाळेच्या वेळापत्रकात फक्त चित्रकलेच्या तासाला देता येतं. आपला एक फोटो ब्यूटी मोडसह घ्या, एक त्याशिवाय. मग दोन्ही बाजूला ठेवा आणि खिडकीपाशी आपल्या मनगटावर नजर लावून तो रंग कागदावर मिसळा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा निळा, कुठं किंचित लाल. मनगटाच्या आतल्या बाजूला वेगळा, कोपराला वेगळा. इतका बारकाईनं बघितलेला रंग कुणाला कुरूप वाटेल, असं मला वाटत नाही.

फ्रान्सनं 2018 मध्ये शाळांत फोनबंदीचा कायदा केला, पण शिकवण्यासाठी होणारा वापर त्यातून वगळला. आपल्या शाळांनाही इतकं शहाणपण परवडेल. खरी अडचण दुसरी आहे. कित्येक घरांत फोन एकच असतो, तोही वडिलांच्या खिशात, आणि मुलीच्या हाती तो भावापेक्षा उशिरा येतो. म्हणून 'प्रत्येकानं फोन आणावा' असं फर्मान कुठल्याही शाळेनं काढू नये. शिक्षकांचा एक फोन आणि आणखी दोन-तीन मिळाले तर गट पाडून वरचं सगळं करता येतं. ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारायचं, आणि चेहऱ्यांचे फोटो तास संपण्याआधी सगळ्यांसमोर पुसून टाकायचे, एवढं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं.