ज्येष्ठाची जागा

कोणत्याही संघापुढे कधी ना कधी एक पेच उभा राहतो. उताराला लागलेला, तरीही आपल्या जागी अजून इतरांहून सरस असा खेळाडू ठेवून घ्यावा, की त्याला सन्मानाने निरोप देऊन, काही पराभव पदरात घेऊन, संघाची नव्याने बांधणी करावी? वरवर पाहता हा प्रश्न निव्वळ हिशेबाचा वाटतो. वय, गोल, मोबदला यांचे आकडे मांडले की उत्तर हाती यावे. प्रत्यक्षात ते येत नाही, याचे कारण या व्यवहारातील एक पक्षकार नेहमीच गैरहजर असतो. ज्याला ती जागा मिळाली असती, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

सुनील छेत्रीच्या निमित्ताने हा पेच अलीकडे फार स्पष्टपणे समोर आला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध सुरू झालेल्या त्या वाटचालीत १५१ सामने आणि ९४ गोल जमा झाले होते. तेव्हा खेळत असलेल्यांमध्ये रोनाल्डो आणि मेस्सी हे दोघेच त्याच्या पुढे होते. निरोप रीतसर झाला, डोळे पाणावले, लेख लिहून झाले. मग २०२४ चे वर्ष भारताने एकही सामना न जिंकता संपवले, आणि मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीला परत बोलावले. १९ मार्च रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत ३–० असा जिंकला. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेने केला, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोने आणि तिसरा छेत्रीने. निर्णय योग्य होता, असे त्या रात्री पुष्कळांना वाटले असणार. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध गोल झाला नाही. जूनमध्ये हाँगकाँगकडून हार पत्करावी लागली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून २–१ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. पुढच्या महिन्यात छेत्रीविना ढाक्याला गेलेला संघही बांगलादेशाकडून हरलाच.

निकालांकडे बोट दाखवून कोणाचीच बाजू सिद्ध होत नाही, एवढेच यावरून दिसते. निर्णयाची नैतिकता निकालाने मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सोडल्याखेरीज या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

हाच छेत्री बेंगळुरूत मात्र वेगळ्या प्रकाशात दिसतो. २०१३ मध्ये बेंगळुरू एफ.सी. हा क्लब जन्माला आला तेव्हा तो एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तेथे दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात क्लबने आय-लीग जिंकली. अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल मैदानावरून क्लब कंठीरवा स्टेडियममध्ये गेला, आणि पश्चिमेकडच्या सज्जात उभे राहून नव्वद मिनिटे गाणारा एक प्रेक्षकवर्गही तयार झाला. २०२३-२४ च्या हंगामात हाच क्लब इंडियन सुपर लीगमध्ये बारा संघांत दहावा आला. बांधणीच्या पुरस्कर्त्यांना याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. क्लबने छेत्रीला ठेवले. पुढच्या हंगामात त्याने चौदा गोल केले. भारतीय खेळाडूंत त्याच्या पुढे कोणी नव्हते. केरळविरुद्ध त्याने तीन गोलांची माळ लावली. एप्रिल २०२५ मध्ये फातोर्डावर उपांत्य फेरीचा दुसरा सामना जादा वेळेकडे झुकत असताना त्याच्या एका हेडरने गोव्याचा संघ बाहेर पडला. अंतिम सामना बेंगळुरू मोहन बागानकडून हरले, ही गोष्ट अलाहिदा.

एकच माणूस, तेच वय, तोच खेळ. तरीही क्लबने त्याला ठेवणे मला रास्त वाटते आणि देशाने त्याला परत बोलावणे वाटत नाही. याचे कारण छेत्रीच्या पायांत शोधण्यात अर्थ नाही. क्लब हा चालू हंगामाच्या बोलीवर जगणारा संसार आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला आज चांगला खेळ पाहायचा असतो, आणि उद्या जागा रिकामी झाली तर क्लब बाजारातून दुसरा खेळाडू आणू शकतो. राष्ट्रीय संघाला बाजार नाही. त्याच्याजवळ असलेले भांडवल एकच, आपल्या भूमीत वाढवलेली माणसे. त्या भांडवलातून उसनवारी केली तर ती फेडायलाही त्याच भांडवलात हात घालावा लागतो.

मनुस्मृतीत वानप्रस्थाची वेळ कशी ओळखावी हे सांगताना तीन खुणा दिल्या आहेत: अंगावरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि अपत्याचे अपत्य. पहिल्या दोन खुणा ज्याच्या-त्याच्या देहावर उमटतात. तिसरी बाहेर उमटते, दुसऱ्याच्या येण्याने. (त्या ग्रंथाविषयी आपले मत काहीही असो, ही नजर मार्मिक आहे यात शंका नाही.) निवृत्तीची चर्चा आपण बहुधा पहिल्या दोन खुणांभोवती फिरवतो. छेत्रीच्या बाबतीत तिसरीचाच अभाव होता. तो गेला आणि त्याच्या मागे कोणीच उभे नव्हते.

हे असे का व्हावे? इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावरील अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत. २०२१-२२ पासून ही संख्या चारवर आली. क्लब पैसे मोजून परदेशी आणणार तो साहजिकच गोल करणारा आणणार. बचावात किंवा बगलेला भारतीय मुलगा चालून जातो, गोलसमोरची मधली जागा त्याच्या हाती देण्याचे धाडस प्रशिक्षकाला परवडत नाही. परिणामी आठवडाभर क्लबसाठी कडेने धावणाऱ्या मुलाने देशासाठी एकाएकी मध्यभागी उभे राहावे, अशी आपण अपेक्षा करतो. छेत्री क्लबमध्येही ती जागा राखून होता, हा त्याचा पराक्रम. त्याला परत बोलावल्याने ही व्यवस्था काही महिने झाकली गेली, आणि झाकली गेलेली गोष्ट कोणी दुरुस्त करीत नाही.

या लीगच्या पहिल्या हंगामाने ज्येष्ठ खेळाडू आणण्याचा आणखी एक प्रकार दाखवला होता. दिल्लीने एकोणचाळीस वर्षांचा देल पिएरो आणला, पुण्याने त्रेझेगे, गोव्याने पिरेस. तो सरळ नावाचा सौदा होता. लोकांना मैदानाकडे वळवायचे होते आणि लोक वळले. त्यात फसवणूक नव्हती, पण त्याला संघबांधणी म्हणण्याचे कारण नाही.

‘नवी बांधणी’ हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये, म्हणजे हातांनी खेळल्या जाणाऱ्या त्या फुटबॉलमध्ये, तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या वर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंत पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. तेथे उतारवयातील सेनापतीला निरोप देऊन वर्षभर हरणे ही एक प्रकारची गुंतवणूकच असते. आपल्याकडे हरण्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही. बांधायचे म्हटले तर वस्तीतली मैदाने, शाळांच्या स्पर्धा, प्रशिक्षक येथून आरंभ करावा लागतो. कर्नाटकाने मार्च २०२३ मध्ये रियाध येथे मेघालयाला ३–२ असे हरवून संतोष चषक जिंकला, तो ५४ वर्षांनी. त्यापूर्वीचा १९६८-६९ चा विजय म्हैसूर राज्याच्या नावावर आहे. एकेकाळी हे राज्य भारतीय फुटबॉलच्या आघाडीच्या फळीत होते, हे बेंगळुरूच्या पुष्कळ तरुणांना सांगावे लागते.

बांधणीच्या नावाखाली ज्येष्ठांना सरसकट बाहेर काढण्याचा उत्साहही मला मान्य नाही. १९७१ मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. नव्या रक्ताला वाव देणे हे मर्चंट यांचे ब्रीद होते. पण वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी वाडेकरांनी आग्रह धरला तो मडगावात जन्मलेल्या, तिशी गाठलेल्या आणि मागे पडत चाललेल्या दिलीप सरदेसाईंसाठी. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असताना सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. मालिकेत त्यांच्या ६४२ आणि एकवीस वर्षांच्या गावसकरांच्या ७७४ धावा झाल्या, आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. तेथे ज्येष्ठाने कोणाची वाट अडवली नव्हती. गावसकर त्याच संघात खेळत होते, त्याच खेळपट्टीवर शिकत होते. ज्येष्ठ असताना कनिष्ठ खेळतो आहे की बाकावर बसला आहे, हे आधी पाहावे.

महाभारतात याची उलट बाजू दिसते. भीष्म सेनापती आहेत तोवर मी शस्त्र धरणार नाही, असे कर्णाने ठरवले आणि पहिले दहा दिवस तो रणाबाहेर राहिला. दुर्योधनाची निवड चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. त्या क्षणी भीष्मांहून मोठा योद्धा त्याच्याकडे नव्हता. पण या निवडीची किंमत दुसऱ्या एका तंबूत मोजली जात होती.

बांधणीचीही अशीच किंमत असते, तिची वाच्यता मात्र फारशी होत नाही. संघ जेव्हा नव्याने उभारायचा ठरतो, तेव्हा निवड विशीतल्या मुलांवर येऊन थांबते. छेत्री खेळत होता त्या काळात जो बावीस वर्षांचा होता, क्लबमध्ये परदेशी खेळाडूच्या मागे आणि देशाच्या संघात छेत्रीच्या मागे ज्याने पाच-सहा हंगाम काढले, तो आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याच्या वाट्याला ज्येष्ठत्व आले नाही आणि तारुण्यही वापरले गेले नाही. निवड समितीच्या बैठकीत आता त्याचे वय विचारले जाईल.