उताराच्या तळाशी कोण उभे आहे?

धुळ्याहून उत्तरेला निघालेला मुंबई–आग्रा महामार्ग आणि तापीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत–भुसावळ लोहमार्ग नरडाण्याला एकत्र येतात. त्यामुळे हे गाव सरकारी नकाशांवर दिवसेंदिवस ठळक होत चालले आहे. औद्योगिक वसाहत इथे आहेच. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या कागदपत्रांत धुळे–नरडाणा हे नाव जोडीने येते. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटी रुपयांचा मनमाड–इंदूर रेल्वेमार्गही याच शिवारांमधून पुढे शिरपूर, सेंधव्याकडे जायचा आहे. प्रकल्प आले की त्यांच्या मागोमाग एक म्हणणेही येते आणि हल्ली ते फार आत्मविश्वासाने मांडले जाते: कामे रखडतात ती गावांमुळे, गावाला नियोजन कळत नाही, मोबदल्याचा आकडा तेवढा कळतो, आणि एखादी दुर्घटना घडली की शोकाच्या भरात रस्ता अडवून गाव नको त्या मागण्या करू लागते. हे म्हणणे अन्यायाचे आहे. गावाच्या बोलण्याला भावनेच्या खात्यात टाकले की ते तपासून पाहण्याची जबाबदारी टळते, आणि ही टाळाटाळ किती महाग पडते हे नरडाण्याच्या आसपासच्या तीन घटना सांगतात.

तापी ओलांडून शिरपूरच्या पुढे गेले की मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ पळासनेर लागते. ४ जुलै २०२३ रोजी सीमेपलीकडून येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या वाहनांना धडका देत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली आणि त्यांत थांब्यावर बसची वाट पाहणारेही होते. सरकारी नोंदीत कारण लिहिले जाते ते ब्रेक निकामी होण्याचे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. घाटाच्या बाजूने उतरणाऱ्या अवजड वाहनांपैकी एखाद्याचे ब्रेक कधी ना कधी जाणार, हे गृहीत धरूनच रस्ता आखायचा असतो. सुटलेले वाहन अडवायला वाळूचा चढता फाटा कुठे द्यायचा, थांबा उताराच्या सरळ रेषेत ठेवायचा की बाजूला घ्यायचा, हॉटेलांना रस्त्यापासून किती हात मागे ठेवायचे, हे प्रश्न यंत्राचे नाहीत, आखणीचे आहेत. गाडी कोणत्या क्षणी सुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. उताराच्या तळाशी रोज सकाळी कोण उभे असते हे मात्र गावातले शाळकरी पोरही सांगेल. त्यामुळे अपघातानंतर महामार्गावरचे कोणतेही गाव गतिरोधक, भुयारी मार्ग किंवा बाजूचा रस्ता मागते, तेव्हा ते आराखड्यातली एक चूक दाखवत असते. मागणीचा आवाज रडवेला आहे म्हणून तिच्यातली माहिती खोटी ठरत नाही.

दुसरी घटना शिरपूरजवळच्या वाघाडीची. ३१ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी तिथल्या रसायन कारखान्यात स्फोट झाले. किमान तेरा माणसे मृत्युमुखी पडली, कित्येक डझन जखमी झाली आणि गावातल्या घरांना हादरे बसले. इथे गावाच्या ज्ञानाची मर्यादाही मान्य करायला हवी. पिंपात काय भरले आहे, ते किती उष्णतेला पेटते, हे शेजारच्या शेतातून दिसत नाही. ही मर्यादा कायद्याला ठाऊक आहे. भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या संहारानंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात एक स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले: धोकादायक उद्योगाची जागा तपासण्यासाठी समिती, आणि कामगारांना, आसपास राहणाऱ्यांना व स्थानिक संस्थेला धोक्याची व बचावाची माहिती देण्याचे मालकावर बंधन. म्हणजे गावाला कळत नाही ही सबब कायद्याने केव्हाच निकालात काढली. कळत नसेल तर कळवा, असे तो म्हणतो. त्याच्या उलट दिशेने जाणारी वाटही आपणच पाडली. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळते. वसाहतीचा एकदा विचार झाला की तिच्यातल्या प्रत्येक कारखान्यासाठी गावाला पुन्हा विचारायची गरज नाही, असा त्यामागचा तर्क. नरडाण्यासारख्या ठिकाणी हा तर्क फार धोक्याचा आहे. वसाहत आखताना सूतगिरणी येणार की तेलघाणी की रसायनांचा साठा, हे ठरलेले नसते, आणि गावाने भूखंडांना दिलेला होकार पिंपांनाही दिला असे धरून चालता येत नाही.

तिसरी घटना साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नरडाणा ज्या शिंदखेडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. वीजप्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन गेली होती. हाती पडलेली रक्कम चार लाखांच्या घरातली, आणि शेजारच्या जमिनींना मात्र कितीतरी जास्त. शेतातली आंब्याची झाडे आणि सिंचनाची सोय पंचनाम्यात नीट धरली गेली नाही, ही त्यांची तक्रार होती आणि तिच्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली. पुढच्याच महिन्यात एका माणसाने मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावरून उडी घेऊन जीव दिला, तेव्हा इमारतीच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी बांधण्यात आली. पडणाऱ्याला वाचवणारी जाळी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि ग्रामसभेशी सल्लामसलत आणली होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या जानेवारीत हा म्हातारा गेला त्याच वर्षी, या कायद्यात दुरुस्ती करून औद्योगिक क्षेत्रे, औद्योगिक पट्टे आणि पायाभूत प्रकल्प यांना या बंधनांतून बाहेर काढण्याची सोय केली. औद्योगिक विकास महामंडळाचा १९६१ चा कायदाही या बंधनांबाहेरच्या यादीत ठेवला. धर्मा पाटलांचे जिवंतपणी कुणी ऐकले नाही. त्यांच्या मागे राहिलेल्यांचे ऐकून घेण्याची सक्तीही कमी झाली.

इथवर आल्यावर उत्तर सोपे वाटते: संमतीची अट परत आणा, ग्रामसभेला नकाराचा अधिकार द्या, म्हणजे झाले. पण या उत्तराच्या वाटेत एक आक्षेप उभा आहे आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना, गाव हा राज्यघटनेचा पाया का नाही, या टीकेला त्यांनी उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, असे त्यांनी ठणकावले आणि घटनेने गाव टाकून व्यक्ती हा घटक मानला याचे समाधान व्यक्त केले. ग्रामस्वराज्यावर भाषणे करणारे हा उतारा टाळतात, आणि गावाला तुच्छ लेखणारे नोकरशहा तोच उतारा सोयीने वापरतात. दोघेही त्याचा रोख चुकवतात. आंबेडकरांचा प्रश्न गाव शहाणे आहे की अडाणी, एवढाच नव्हता. गाव म्हणून जे बोलते ते नेमके कोण, आणि त्या आवाजाखाली कुणाचा आवाज दाबला जातो, हा त्यांचा प्रश्न होता. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या जागेवरून तो विचारलेला होता. वेशीबाहेरचा माणूस गावाचा नसतो, पण गावावर आलेले संकट आधी त्याच्यावरच येते.

हा प्रश्न घेऊन मागच्या तीन घटनांकडे पुन्हा पाहिले की चित्र बदलते. विखरणला अन्याय झाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसावर, आणि म्हणूनच त्याला निदान कागद घेऊन भांडता तरी आले. वाघाडीच्या कारखान्यात राबणाऱ्यांकडे असा कोणता कागद होता? पळासनेरच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांची त्या रस्त्यात कोणती मालकी होती? संमतीचा कायदा उद्या पूर्ण ताकदीने परत आला, तरी टक्केवारी मुख्यतः जमीन जाणाऱ्यांची मोजली जाईल. तालुक्यात वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार आहेत, गावठाणाच्या कडेला भिल्ल वस्त्या आहेत, वसाहतीत खोल्या भाड्याने घेऊन राहणारे परप्रांतीय मजूर आहेत. यांतल्या पुष्कळांचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि कित्येकांचे मतदार यादीतही नाही, म्हणजे ते ग्रामसभेचेही सदस्य नाहीत. जमीनधारकांच्या सभेला चांगला भाव मिळाला तर ती रसायनांच्या साठ्याला होकार देईल, आणि साठ्याच्या भिंतीला लागून झोपणाऱ्याला कुणी विचारणार नाही. तेव्हा केवळ ग्रामसभेची संमती मागणे मला पुरेसे वाटत नाही. हक्काचे माप मालकीऐवजी जोखमीवर बसवले पाहिजे. ज्याच्या अंगावर धोका येऊ शकतो तो प्रत्येक माणूस बाधित, मग त्याची जमीन जावो न जावो. आंबेडकरांनी व्यक्तीला घटक मानले, त्याचा नियोजनातला अर्थ मी असा लावतो.

एवढ्यांना विचारत बसलात तर रेल्वे कधी होणार, असा प्रश्न येईल. मनमाड–इंदूर मार्गाची मागणी धुळे जिल्ह्याने दशकानुदशके लावून धरली आहे. रेल्वे नको म्हणणारे गाव इथे शोधावे लागेल. वाद असतो तो मोरी कुठे, पूल कुठे, भुयारी वाट किती उंच, याचा. मार्ग शिवाराच्या मधून गेला की एकाच माणसाची विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहते. मग खताची गाडी, कापसाने भरलेला ट्रॅक्टर, गुरे, सगळ्यांना कोसाचा वळसा. ठेंगण्या भुयारी वाटेतून भरलेली गाडी जात नाही आणि पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचते. मग पोरे शाळेसाठी रूळ ओलांडतात आणि कधीतरी एखादे पोर गाडीखाली सापडते. नाल्याचे पाणी आषाढात कुठून वाहते, बाजाराच्या दिवशी गाड्या कोणत्या वाटेने येतात, हे आधी विचारले तर वाट चार हात सरकवणे सोपे असते. भराव घालून झाल्यावर तीच गोष्ट फार खर्चाची होते. विचारण्यात जातात ते महिने. न विचारल्यामुळे न्यायालयात जातात ती वर्षे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली ती पंचायतींचे आराखडे एकत्र गुंफण्यासाठी. आज तिची ओळख निधीवाटपाची बैठक एवढीच उरली आहे, आणि महामार्ग, रेल्वे, औद्योगिक वसाहत या तिन्ही यंत्रणांचे नकाशे एकाच टेबलावर ठेवून पाहणारे कुणी नाही. नरडाण्याला तर तिन्ही एकाच गावच्या अंगावर येतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: जोखीम कुठवर पोहोचते हे ठरवणार कोण? स्फोटाचा परीघ, विषारी वायूची दिशा, सुटलेल्या ट्रकची धाव हे सारे तज्ज्ञांचेच काम आहे आणि ते त्यांनीच करावे. माझी मागणी त्या गणिताच्या जागी गावाचे मत बसवण्याची नाही. ते गणित आखणीच्या आधी व्हावे, मराठीत आणि नकाशावर मांडले जावे, आणि त्या परिघात राहणाऱ्या प्रत्येकाला, भाडेकरूला आणि सालदारालाही, त्यावर बोलण्याचा व लेखी उत्तर मिळवण्याचा हक्क असावा, एवढेच मागणे आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्यात आहेच. तिथे हा नकाशा आधी जावा, कारण घरी कोण कधी असते आणि पाण्याला, शाळेला, थांब्याला कोण कोणत्या वाटेने जाते हे तिथे नेमके कळते. नरडाण्याच्या वसाहतीत नवा भूखंड देताना आणि रेल्वेच्या भरावाची माती पडण्यापूर्वी तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे: कोणत्या शेडमध्ये काय साठवणार, वारा कुठून कुठे वाहतो, पळायची वाट कोणती, अग्निशमनाची गाडी कुठून आणि किती वेळात येणार, आणि महामार्गावरचा थांबा कोणत्या उताराच्या तळाशी आहे. त्याखाली या नकाशाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी. पुढच्या दुर्घटनेनंतर गाव रस्त्यावर बसले, तर त्याच्याशी बोलायला याच अधिकाऱ्याने यावे.