आजीची आठवण कोणाची?

आजीची आठवण निघाली म्हणजे नातवाच्या तोंडी प्रथम काय येते? कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, पदराच्या गाठीतले चार आणे. हे सर्व खरे. परंतु वाचकहो, ही आठवण आजीची, की आपणांस झालेल्या लाभाची?

धुळ्याकडील आमच्या गावी आजी पहाटे जात्यावर बसे व आम्ही तिच्या मांडीवर डोके ठेवून निजत असू. ती गात असे. काय गात असे हे आम्हांस ठाऊक नाही, कारण आम्ही कधी विचारिलेच नाही. इतके प्रेम, आणि एक प्रश्न नाही!

जळगावाजवळ आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांसही लिहिता येत नव्हते. घरातील व शेतातील कामे करिता करिता त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ह्यांनी त्यांतील कित्येक उतरून घेतली. १९५१ साली त्या वारल्या. १९५२ साली ती गाणी छापून निघाली. जी कोणी उतरली नाहीत, ती त्यांजबरोबर गेली.

कोणी म्हणेल, प्रत्येक आजी काही कवयित्री नसते. खरे आहे. पण दुष्काळात तिने काय खाल्ले, कोणते लेकरू मातीआड केले, हे विचारण्यास ती कवयित्रीच असावी लागते काय? पौलाने तीमथ्यास लिहिताना त्याच्या आजीचे नाव, लोईस, आठवणीने घातले आहे.

आजीचे जाते अद्याप आमच्या ओसरीवर आहे. मागे आमच्या धाकट्या मुलाने त्याचा खुंटा फिरवीत विचारिले, "हिचे माहेरचे नाव काय होते?" ते आम्हांस वडिलांस विचारावे लागले.