इंजिन बसलं, आता काय? (गीता, अध्याय १८, श्लोक ३० ते ३२)



आज तीन श्लोक एकदम घेतोय, कारण ते सुटे वाचले तर मजा जाते. विषय आहे बुद्धी. भगवंत बुद्धीचे तीन प्रकार सांगतात, पण हुशार आणि मंद अशी वाटणी करत नाहीत. आयआयटीवाल्याची बुद्धी तामसी असू शकते आणि चौथी शिकलेल्या आजीची सात्त्विक. वाटणी आहे ती दिसण्यावरून. समोरची गोष्ट जशी आहे तशी दिसते का?

सात्त्विक बुद्धीला चार जोड्या नीट ओळखता येतात: कुठे पुढे जायचं आणि कुठे थांबायचं, काय करायचं आणि काय नाही, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, कशाने अडकतो आणि कशाने सुटतो. राजसी बुद्धीला याच गोष्टी दिसतात, पण धूसर, आपल्या आवडीनिवडीच्या काचेतून. आणि तामसी बुद्धीला सगळं उलटं दिसतं. अधर्म हाच धर्म वाटतो, तोही अगदी मनापासून.

परवा आमच्या रविवारच्या गीता वर्गात एका ताईने विचारलं, "दादा, आमच्या गाडीचं इंजिन बसलंय. दुरुस्त करायचं की गाडी बदलायची, यावर घरात आठ दिवस भांडण चालू आहे. गीतेत यावर काही आहे का?" वर्गात हशा पिकला. मागून कोणीतरी लगेच दुसऱ्या अध्यायातला २२वा श्लोक सुचवला, तो जुन्या वस्त्रांचा. जुनं टाका, नवं घ्या, विषय संपला!

इथे थोडं थांबतो, कारण हा श्लोक हल्ली फोन बदलण्यापासून नोकरी सोडण्यापर्यंत सगळीकडे वापरला जातो. तो दाखला मृत्यूबद्दल आहे. समोर आप्तांना पाहून हातपाय गळालेल्या माणसाला तो सांगितलेला आहे. त्यावरून वस्तू फेकून देण्याचा परवाना कोणी काढू नये. उलट याच अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीला आपण पाहिलं, की त्रास होतो म्हणून कर्तव्य सोडणं हा राजस त्याग, आणि त्याचं फळ मिळत नाही. गाडी म्हणजे कर्तव्य नव्हे, मान्य. पण "कटकट नको" म्हणून काही सोडताना मनाची जी घाई असते, ती दोन्हीकडे सारखीच.

तर त्या ताईची गोष्ट. तिला विचारूनच लिहितोय.

अकरा वर्षांची डिझेल हॅचबॅक, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पुण्याहून साताऱ्याकडे गावी जाताना खंबाटकी घाटात बंद पडली. चालवत होता धाकटा भाऊ, एकटाच. गॅरेजमध्ये त्याने सांगितलं, "टेम्परेचरचा काटा लाल झाला आणि मी लगेच बाजूला घेतली." मेकॅनिकने पाहिलं, रेडिएटरचा होज फाटलाय, कूलंट गेलंय. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलंय. मालकाने गाडी लगेच थांबवली म्हणतोय, तर हेड गॅस्केट गेलं असणार. अंदाज दिला तीस हजार. घरात सगळ्यांनी हुश्श केलं.

पण भाऊ त्या रात्री झोपला नाही. कारण गाडी लगेच थांबवलेली नव्हती. काटा लाल झाल्यावर तो साधारण दहा किलोमीटर पुढे गेला होता. आणि का गेला, हे ऐकण्यासारखं आहे. लाल झालेला काटा थोड्या वेळाने आपोआप खाली आला! त्याला वाटलं, चला, थंड झाली.

गाड्यांमध्ये हे होतं. काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे तो कूलंटचं तापमान सांगतो. कूलंटच संपलं की सेन्सर रिकाम्या जागेत उरतो आणि काटा खाली येऊ शकतो. आत धातू जळतोय आणि डॅशबोर्डवर शांतता. मला तरी ३१व्या श्लोकासाठी याहून चांगला दाखला सापडला नाही. दिसतंय, पण जसं आहे तसं नाही. आपल्याही आयुष्यात असे खाली आलेले काटे असतात. घरात भांडणं थांबली म्हणून सगळं ठीक आहे असं आपण धरतो, पण कधीकधी भांडणं थांबतात कारण बोलणंच संपलेलं असतं.

आता भय-अभयाची जोडी बघा. घाटात त्याने लाल काट्याला भ्यायला हवं होतं, तिथे तो भ्याला नाही. आणि गॅरेजमध्ये तो भ्याला वडिलांना. भीती दोन्ही वेळा चुकीच्या पत्त्यावर गेली. माणूस भित्रा असणं आणि माणसाची भीती चुकीच्या जागी असणं यात फार फरक आहे. भगवंत भिऊ नका असं सरसकट सांगत नाहीत. कशाला भ्यायचं ते ओळखा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने वडिलांना सांगितलं. वडील एवढंच म्हणाले, "दहा?" आणि मग, "जा, आधी मेकॅनिकला सांग."

त्या एका वाक्याने पुढचं सगळं बदललं. मेकॅनिकने नुसतं हेड काढून गॅस्केट टाकलं असतं, तर तीस हजार घालून गाडी काही दिवसांत पुन्हा बसली असती. दहा किलोमीटर ऐकल्यावर तो म्हणाला, "मग खालचंही उघडून बघावं लागेल." ॲल्युमिनियमचं हेड लेथवाल्याकडे गेलं. ते वाकलं तर होतंच, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडाही होता. दोन सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे. क्रँक मात्र मापात निघाली. नवा आकडा आला एक लाख दहा हजार: दुसरं हेड, बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि मजुरी धरून.

तरुण मंडळी, निर्णयाआधीची ही पायरी आपण फार वेळा गाळतो. "दुरुस्त की बदल?" हा प्रश्न आपण इंजिन उघडण्याआधीच विचारतो. न उघडता दिलेला आकडा हा अंदाज असतो, आणि अंदाजावर घरात तट पडतात. उघडायचे पैसे लागतात, खरं आहे. पण जे आहे ते तसंच पाहण्याचे तेवढे पैसे मोजावेच लागतात.

आता तट कसे होते? वडील म्हणत होते, काही झालं तरी हीच गाडी. ताई म्हणत होती, बस झालं, आता नवीच घेऊ. दोघंही हिशेब मांडत होते, आणि दोघांचेही हिशेब आधीच ठरलेल्या उत्तराकडे चालले होते. वडील म्हणायचे, "गेल्या वर्षीच चार टायर घातले, क्लच बदलला, ते सगळं पाण्यात घालायचं?" ताई म्हणायची, "अकरा वर्षांच्या गाडीत कोणी लाखभर घालतं का?" टायर-क्लचचे पैसे गेले ते गेले, ते परत मोजायचे नाहीत. पण टायर आणि क्लच चांगले आहेत ही गोष्ट मात्र मोजायची, कारण त्याने पुढचा खर्च वाचतो. आणि "कोणी घालतं का" हा हिशेब नाही, ती लोकलज्जा आहे. ममता आणि मिरवणं, दोन्ही रजोगुणाचीच लेकरं.

नीट मांडलं तेव्हा काय दिसलं? चालू स्थितीत या गाडीला बाजारात एक लाख नव्वदच्या आसपास मिळाले असते. त्यातून दुरुस्तीचे एक लाख दहा वजा केले की उरतात ऐंशी. बंद इंजिनासकट जशी आहे तशी विकली तर पंचाहत्तर. म्हणजे पारडी जवळपास सारखी! पैशाने उत्तर दिलंच नाही. मला वाटतं, खरे पेच बहुतेक असेच असतात. गणित सुटलं असतं तर बुद्धीची गरजच काय होती?

मग भावाच्या एका मित्राने तिसरी वाट सुचवली, आणि ३२वा श्लोक घरात चालत आला. "अरे, पंधरा-वीस हजारांत तात्पुरतं करून घे. थोडं जाड ऑइल आणि ॲडिटिव्ह टाकलं की धूर आणि आवाज महिनाभर दबतो. ऑनलाइन टाक, एक नव्वदला जाईल. घेणाऱ्याने बघून घ्यावं ना, व्यवहार आहे." बोलणारा मुलगा वाईट नाही. मित्राला मदत करावी म्हणूनच तो हे सांगत होता, आणि हेच मला जास्त भीतीदायक वाटतं. तमाने झाकलेल्या बुद्धीला आपण फसवतोय असं वाटतच नाही, शहाणपणा करतोय असं वाटतं. घेणारा कोण असेल? पहिलीच गाडी घेणारं एखादं जोडपं, मागच्या सीटवर लहान बाळ, आणि घाट.

जुनं इंजिन आणून बसवायचा पर्यायही निघाला होता. त्यात मुळात गैर काही नाही. फक्त इंजिनचा नंबर आरसीवर असतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची रीतसर परवानगी, आरसीवर नव्या नंबरची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, हे सगळं आलं. ज्या इंजिनचे कागद नाहीत किंवा नंबर घासलेला आहे, ते कितीही स्वस्त असो, त्याच्या वाटेला जाऊ नका. यांना कागदांसकट इंजिन मिळालं नाही, तिथेच तो पर्याय संपला.

शेवटी ताईने चौथी जोडी काढली: बंध आणि मोक्ष. एरवी आपण हे शब्द वैकुंठासाठी राखून ठेवतो. तिने विचारलं, कशाने आम्ही जास्त अडकू? नवी गाडी म्हणजे सात वर्षांचं कर्ज. ती स्वतः आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते, बाकीचे दिवस कंपनीच्या बसने जाते. गाडी लागते ती आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायला आणि महिन्यातून दोनदा गावी जायला. गाडीला गंज नाही, गिअरबॉक्स चांगला, आरसीची मुदत अजून चार वर्षं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेवढी चार वर्षं गाडी चालली तर पुरे, त्यापुढचं त्यापुढे.

उत्तर दुरुस्तीचं आलं. तीच गाडी जर रोज ऐंशी किलोमीटर पळत असती, किंवा खालून कुजलेली असती, तर हेच प्रश्न विचारून बंद इंजिनाची म्हणून खरं सांगून विकणं हे उत्तर आलं असतं, आणि तेही तितकंच योग्य ठरलं असतं. त्यामुळे कृपया "दादांनी दुरुस्त करा सांगितलं" असं कोणी पुढे पाठवू नका!

ताई मात्र हसून म्हणाली, वडिलांना आपला विजय झाल्यासारखं वाटतंय, वाटू दे. निम्मे पैसे भावाने त्याच्या पगारातून द्यायचं ठरवलंय, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घाटातल्या त्या दहा किलोमीटरवर घरात पुन्हा कोणी बोललेलं नाही. गाडी तीन आठवड्यांनी घरी आली. मेकॅनिकने बजावलंय, पहिले हजार किलोमीटर जपून चालवायची, इंजिन ताणायचं नाही, घाटात घाई नाही, मग ऑइल बदलायचं. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायला तेवढा वेळ लागतोच.

भाऊ सध्या सगळ्या ट्रकच्या मागे मागे चालवतोय. अजून सहाशे किलोमीटर बाकी आहेत. उद्या ३३वा श्लोक घेऊ, धृतीचा.

राम कृष्ण हरी!