जमीन राहिली, कुटुंब गेले

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डोव्हर नावाचे लहानसे शहर आहे. तेथे टटल कुटुंबाची शेती होती. १६३२ पासून ती आमच्याच घराण्यात आहे, असे ते अभिमानाने सांगत. म्हणजे इकडे शिवाजी महाराज जेमतेम दोन वर्षांचे होते, तेव्हापासून! अशा ११ पिढ्या झाल्या. २०१० मध्ये याच घराण्यातील भावंडांनी ही सुमारे १३४ एकरांची शेती विक्रीला काढली. वय झाले होते, शरीर थकले होते.

अशी बातमी ऐकली की वाडीत वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या पोटात कालवते. आता तेथे बंगले उठणार, असेच आपल्याला वाटते. पण तसे होऊ शकत नव्हते. जमिनीच्या मोठ्या भागावर कुटुंबाने आधीच संवर्धनाचा करार करून दिला होता.

हा करार समजायला अवघड नाही. शेतातून जाण्याची वहिवाट आपल्याला ठाऊक आहे. जमीन आपली, पण वाट अडवण्याचा हक्क आपला नाही. या करारात मालक घरे बांधण्याचा, प्लॉट पाडण्याचा हक्क सोडून देतो. एखादी भूसंवर्धन संस्था किंवा सरकार त्या अटीची राखण करते. बांधकाम त्यांनाही करता येत नाही. जमीन मालकाचीच राहते. त्याने ती कसावी, विकावी, मुलांच्या नावे करावी. अट मात्र जमिनीबरोबर जाते, बहुधा कायमची. मोबदल्यात कोणाला पैसे मिळतात, कोणाला करात सूट. या सुटीचा काही धूर्त मंडळींनी इतका गैरफायदा घेतला की २०२२ च्या अखेरीस तिथल्या संसदेला कायदा करून वेसण घालावी लागली. लबाडी कुठे नसते!

पण आमच्या मनातला प्रश्न वेगळाच आहे. आजोबांनी आज सही करायची आणि अजून न जन्मलेल्या पणतीचे हात बांधायचे, हा अधिकार त्यांना कोणी दिला? उद्या तिच्या घरात मोठे आजारपण आले आणि जमिनीला निम्मीच किंमत मिळाली, तर तिने आजोबांना काय म्हणावे? हा प्रश्न आम्हाला झटकून टाकता येत नाही.

मात्र दुसरी बाजूही पाहायला हवी. जो आजोबा बिल्डरला जमीन देतो, तोही पणतीला विचारत नाही. विहीर बुजली, माती काँक्रीटखाली गेली, की तिला पुन्हा शेत करायचे म्हटले तरी जमणार नाही. हात दोघेही बांधतात. एकाच्या बांधण्याला आपण त्याग म्हणतो किंवा हट्ट म्हणतो, दुसऱ्याच्या बांधण्याला व्यवहार म्हणतो. आणि व्यवहाराला कोणी जाब विचारत नाही.

पवित्र शास्त्रातील नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा राजाला दिला नाही आणि त्यासाठी जीव गमावला. लेवीय ग्रंथात तर विकलेली जमीन ५० व्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा नियम आहे. तेथे जमिनीशी कुटुंब बांधलेले आहे. अमेरिकेतला करार जमिनीला शेतीशी बांधतो आणि कुटुंबाला मोकळे सोडतो. आम्हाला आधी हे उणे वाटले. शेत राखायचे ते घराण्यासाठीच ना? पण मग विचार आला, आपण 'वडिलार्जित' म्हणून जे कवटाळतो त्यात मातीवरचे प्रेम किती आणि आडनावावरचे किती?

टटल भावंडांना बिल्डरचा भाव मिळणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच शेती करणाऱ्याला ती जमीन घेणे शक्य झाले. २०१३ मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शेतकऱ्याने ती विकत घेतली. त्याचे आडनाव टटल नव्हते.